कात्री कुणाच्या हातात

चित्रपटाच्या एडिटिंगला मराठीत संकलन म्हणतात. मला हा शब्द जरा जास्तच सभ्य वाटतो. संकलन म्हणजे गोळा करणं, आणि काम तर असतं टाकून देण्याचं. पेणचे आमचे काका लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटी करत, त्यांच्या धंद्यात याला 'मिक्सिंग' म्हणत. आणि रोह्याची आत्या, जी गेली पाच-सहा वर्षं टॅब्लेटवर हेच काम करते, ती सरळ सांगते, "मी कापायला बसलेय, नंतर फोन कर." तिघांत तिचा शब्द मला सगळ्यात खरा वाटतो.

मध्यंतरी एका मित्राने विचारलं, टॅब्लेटवर खरंच एडिटिंग होतं का, की नुसता खेळ? उत्तर एका शब्दात देता येईल. होतं. पण हे काम कुठून कुठे फिरत फिरत आत्याच्या मांडीवर आलं, ती गोष्ट मला जास्त मजेची वाटते. म्हणून जरा मागे जातो. बरंच मागे.

दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात लोकांसाठी लागला. हे आपल्याला शाळेपासून पाठ असतं. जे पाठ नसतं ते असं की त्या चित्रपटाचा कारखाना म्हणजे दादरचं एक राहतं घर होतं. फिल्म यायची ती कडेला भोकं न पाडलेली. ती भोकं अंधारात पाडावी लागत, आणि ते काम सरस्वतीबाई फाळके करत. रसायनं कालवणं, फिल्म धुणं, आणि वर सगळ्या मंडळींचं जेवणखाण. फिल्म कापून जोडण्यातही त्यांचा हात होता, म्हणून त्यांना भारतातल्या पहिल्या संकलक म्हणणारे लोक आहेत. मला ते पटतं. चित्रपटाची लांबी सुमारे ३७०० फूट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात, म्हणजे गुणाकार केला तर ५९ हजारांच्या वर चित्रं झाली. ती सगळी डोळ्यांनी बघायची, कात्रीने कापायची, टोकावरचा लेप खरवडायचा आणि सिमेंट लावून चिकटवायची. चूक झाली तर तेवढी चित्रं गेली.

त्याच्या आदल्या वर्षी, १९१२ साली, फाळक्यांनी घरातल्या कुंडीत वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते एकेक चित्र घेत टिपलं होतं. महिनाभराची वाढ मिनिट-दोन मिनिटांत. पैसे लावणाऱ्यांना पटवण्यासाठी केलेली ती करामत होती, पण विचार केला तर वेळ कापण्याचा आपल्याकडचा तो पहिलाच धडा म्हणायचा.

पुढे हे काम घरातून बाहेर पडलं. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, १९२९ मध्ये तिथेच प्रभात कंपनी सुरू झाली, १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. बोलपट आल्यावर चित्राबरोबर आवाजाचीही पट्टी जुळवायची जबाबदारी आली आणि संकलन हे खोलीचं, यंत्राचं, पगारी माणसाचं काम झालं. प्रभातच्या 'संत तुकाराम'चे (१९३६) संकलक ए. आर. शेख. चित्रपट सगळ्यांना माहीत आहे, नाव किती जणांना माहीत आहे? पडद्यावर जे दिसत नाही ते करणाऱ्याचं नाव कसं दिसणार! असो. प्रभातच्या त्याच जागेत १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट झाली आणि संकलन रीतसर शिकवलं जाऊ लागलं.

आता व्हिडिओकडे येतो, कारण आमच्या घराचा संबंध तिथे सुरू होतो.

अमेरिकेत १९५६ साली अँपेक्स कंपनीने व्हिडिओ टेपचं यंत्र आणलं. दोन इंच रुंद टेप. गंमत म्हणजे सुरुवातीला लोक ही टेपसुद्धा ब्लेडने कापत. टेपवर चित्र तर दिसत नाही, मग कापायचं कुठे? तर तिच्यावर लोखंडाची अगदी बारीक पूड लावायची, चुंबकत्वामुळे रेघा उमटायच्या, त्या भिंगातून बघायच्या आणि दोन रेघांच्या मधोमध कापायचं. सोनारकामच ते. नंतर कापणं बंद झालं आणि एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर उतरवून घ्यायची पद्धत आली. हीच पद्धत पुढे व्हीएचएस कॅसेटींबरोबर आपल्या गावोगावी पोचली.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला, रंगीत चित्र आलं १९८२ च्या एशियाडच्या वेळी, आणि त्यानंतर चारपाच वर्षांत लग्नात व्हिडिओ ही मानाची बाब झाली. काकांनी पेणला १९८८ मध्ये कॅमेरा घेतला. खांद्यावर घ्यायचा, आत अख्खी कॅसेट मावणारा. बरोबर एक मुलगा, हातात हजार वॅटचा दिवा. तो दिवा तोंडावर आला की नवरीमुलगी डोळे मिटायची आणि काका ओरडायचे, "अगं, बघ की इकडे!" आमच्या सगळ्या बहिणींच्या कॅसेटीत काकांचं हे वाक्य आहे.

चित्रण पेणला, पण मिक्सिंग दादरला. पिशवीत कॅसेटी घालून एसटीने जायचं, एका खोलीत रात्रभर बसायचं, तासावर पैसे. खोलीत दोन व्हीसीआर. एक वाजवणारा, दुसरा उतरवून घेणारा. मध्ये मिक्सर, ज्यातून गुलाबाच्या पाकळ्या उघडत नवरा-नवरी प्रकट व्हायची. या पद्धतीची अडचण समजून घ्या, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. टेपवर सगळं ओळीने उतरतं. गणेशपूजन, मग सीमांतपूजन, मग मंगलाष्टकं. तीन तासांची कॅसेट तयार झाली आणि मग कुणी म्हणालं की विसाव्या मिनिटाला आमचे व्याही राहिले, तर विसाव्या मिनिटानंतरचं सगळं पुन्हा उतरवायचं. किंवा तयार कॅसेटवरून नकल काढायची, म्हणजे चित्र आणखी फिकट. थोडक्यात, एकदा जे झालं ते झालं. रुसवेफुगवे व्हायचे ते व्हायचे, पण कॅसेट बदलायची नाही. खर्च कोण करणार?

आणि कापणारा माणूस परका. दादरच्या त्या माणसाला आमच्यातलं कोण कोण आहे हे कळायचं काही कारण नव्हतं. त्याला दिसे ते एवढंच: चित्र हलतंय की नाही, उजेड बरा आहे की नाही. काका शेजारी बसलेले असत, पण पहाटे तीनला तेही पेंगत. त्यामुळे आमच्या कॅसेटीत कुणाचा तरी ड्रायव्हर दीड मिनिट जेवताना दिसतो आणि सख्खी आजी नऊ सेकंद. उरलेल्या आजीचं काय झालं? मूळ चित्रणाच्या कॅसेटी महाग, म्हणून मिक्सिंग झालं की त्या पुसून पुढच्या लग्नाला वापरायच्या, हा सगळ्या धंद्याचाच रिवाज होता. आजीवर पुढच्या मोसमातलं वडखळचं कुठलं तरी लग्न आहे.

हे वाचून काकांना दोष देऊ नका. आपल्या चित्रपटसृष्टीने तरी वेगळं काय केलं? फाळक्यांच्या शंभराच्या आसपास चित्रपटांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, तेही तुकड्यांत, शिल्लक आहेत. खुद्द 'राजा हरिश्चंद्र' फाळक्यांनी १९१७ मध्ये पुन्हा केला, आणि पुण्याच्या फिल्म संग्रहालयात जपलेली रिळं १९१३ ची नसून त्या दुसऱ्या खेपेची असावीत, असं अभ्यासकांचं मत आहे. ते संग्रहालय झालं १९६४ मध्ये, म्हणजे पहिल्या चित्रपटानंतर ५१ वर्षांनी. त्यातही ८ जानेवारी २००३ रोजी फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि शेकडो जुन्या चित्रपटांची नायट्रेट रिळं जळून गेली. नायट्रेट पेटलं की विझत नाही, ते स्वतःचाच प्राणवायू पुरवतं.

कॉम्प्युटरचा काळ मी थोडक्यात उरकतो, कारण तो तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. अ‍ॅव्हिड १९८९, प्रीमियर १९९१, फायनल कट प्रो १९९९. 'द इंग्लिश पेशंट'च्या संकलनाला १९९७ मध्ये ऑस्कर मिळालं तेव्हा कॉम्प्युटरवर कापलेल्या चित्रपटाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. २००० साली विंडोजबरोबर मूव्ही मेकर फुकट येऊ लागलं. काकांनी २००३ मध्ये कॉम्प्युटर घेतला आणि दादरच्या फेऱ्या थांबल्या. आता ओळीने जाण्याची सक्ती गेली. मधलं कधीही काढा, कुठेही लावा. पण डीव्ही टेपचा एक तास म्हणजे १३ जीबी, आणि काकांची हार्ड डिस्क ४० ची! एका लग्नाने घर भरायचं. त्यात लोडशेडिंग. रात्री रेंडरिंगला लावून झोपायचं आणि पहाटे उठून बघावं तर यूपीएस कधीच निपचित पडलेला. पेणच्या त्या उन्हाळ्यांत काकांनी वीज मंडळाला ज्या शिव्या घातल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

आणि मग टॅब्लेट. आयपॅड २७ जानेवारी २०१० ला जाहीर झाला, २०११ च्या मार्चमध्ये आयमूव्ही त्यावर आलं. जाणकारांनी नाक मुरडलं. पुढे २०१६ च्या शेवटी लुमाफ्यूजन, २०२२ च्या डिसेंबरात दाविंची रिझॉल्व्ह, मे २०२३ मध्ये फायनल कट प्रो, असं करत करत मोठी मंडळीही तिथे आली. मला यातली गंमत वेगळीच वाटते. १९७१ साली सीएमएक्स ६०० नावाचं यंत्र निघालं होतं, कॉम्प्युटरच्या साहाय्याने व्हिडिओ कापणारं अगदी पहिलं. कपाटांएवढ्या डिस्क, किंमत लाखो डॉलर, त्यामुळे विकली गेली फारच थोडी. पण त्यावर काम कसं करायचे? तर हातात प्रकाशाचं पेन धरून थेट पडद्यावर टेकवून! माऊस मधल्या काळात आला आणि मधल्या काळापुरता राहिला. पडद्याला हात लावून कापणं ही कल्पना मूळचीच.

आत्या रोह्याच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. २०१९ मध्ये तिच्या मुलाने पुण्याहून टॅब्लेट पाठवला, तो वर्षभर नातवंडांचे फोटो बघण्यापुरता होता. मग ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं. रायगडभर पत्रे उडाले, झाडं पडली, कितीतरी दिवस वीज नव्हती. आत्याने मोबाइलवर घरामागची पडझड टिपली आणि शेजाऱ्यांच्या गाडीत टॅब्लेट चार्ज करून, दूरच्या मुलांना दाखवायला चार मिनिटांचा व्हिडिओ जोडला. काकांचा कॉम्प्युटर त्या दिवसांत नुसता झाकून ठेवलेला होता. पण तिचं ते ॲप २९ जून २०२० ला सरकारने बंदी घातलेल्या ५९ च्या यादीत निघालं. टिकटॉक गेल्याचा गाजावाजा झाला, पण त्याच यादीत व्हिडिओ कापायची ॲपही होती. आत्याने नवीन शोधलं, पुन्हा शिकली. दर दसऱ्यानंतर धावीर महाराजांच्या पालखीचा व्हिडिओ ती करते. पोलिसांची मानवंदना, मग गल्लोगल्ली पालखी. एकदा मी म्हटलं, "आत्या, फार लांब होतंय, अर्धं काप." तर म्हणाली, "कुणाच्या दारातली पालखी कापू?"

इथे मला पहिल्यांदा लक्षात आलं की ओळखीच्या माणसाला कापता येत नाही. पेणला गणपतीच्या कारखान्यात साच्यातून मूर्ती काढणारे हात वेगळे आणि डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा असतो, त्यालाही काही कारण असेल.

आता आमच्या घरची गोष्ट. नावं लिहीत नाही, दोन्हीकडची मंडळी हे वाचतात.

आजोबा १९१३ चे. १९९४ मध्ये पेणच्या घरी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन झालं. काकांनी चित्रण केलं, दादरला मिक्सिंग झालं, दोन तास चाळीस मिनिटांची कॅसेट. २०२२ च्या दिवाळीत आम्ही ती कॉम्प्युटरवर उतरवून घेतली. कॅसेट उतरवायला जेवढी तिची लांबी तेवढाच वेळ लागतो, पुढे पळवता येत नाही, म्हणून सगळ्यांनी ती अख्खी बघितली. 'द इंग्लिश पेशंट'चा संकलक वॉल्टर मर्च म्हणतो की फिल्मच्या काळात हवा तो तुकडा शोधताना मधलं सगळं बघावं लागायचं, आणि त्या बघण्यात न शोधलेलं सापडायचं. अगदी तसंच झालं. हवे होते आजोबा. सापडले थोरले काका.

थोरल्या काकांच्या घराशी आमचं बोलणं बंद आहे. पेण तालुक्यात सेझचे वारे आले, जमिनीला भाव आला, भाऊबंदकी जागी झाली. २१ सप्टेंबर २००८ ला तालुक्यातल्या २२ गावांत सेझला जमिनी द्यायच्या की नाहीत यावर सार्वमत झालं ते सगळ्या देशात गाजलं, आणि आमचं वाटणीचं भांडण त्याच सुमारास कोर्टात गेलं. सेझ आलाच नाही. बोलणं मात्र बंद झालं ते झालंच. आणि १९९४ च्या कॅसेटमध्ये थोरले काका सगळीकडे! पाटावर शेजारी, आरतीत पुढे, आजोबांना पेढा भरवताना. दादरच्या त्या परक्या माणसाला पुढचं भांडण ठाऊक नव्हतं. त्याने उजेड बघितला आणि तुकडा ठेवला. आजीच्या नऊ सेकंदांबद्दल मी त्याच्यावर इतकी वर्षं रागावून होतो, त्या दुपारी तो राग जरा निवला.

अमेरिकेतल्या चुलतभावाच्या मुलांना पणजोबा बघायचे होते. दोन तास चाळीस मिनिटं ती पोरं बघणार नाहीत, म्हणून आत्याने दहाबारा मिनिटांचा व्हिडिओ करायला घेतला. भावाचा निरोप आला: त्यांना घेऊ नकोस. त्याची बाजू मला कळते, कोर्टाच्या पायऱ्या त्याच्या वडिलांनी झिजवल्यात. आत्याने मला विचारलं. मी सांगितलं, काढू नकोस. ती म्हणाली, "तुला सांगायला सोपं आहे. तू पुण्यात असतोस."

तिने दोन व्हिडिओ केले. एक बारा मिनिटांचा, एक अकरा मिनिटांचा. १९९४ मध्ये हे कुणाला परवडलं असतं? एक माणूस काढायला रात्रभराचं भाडं आणि फिकट नकल. टॅब्लेटवर दोन बोटं आणि एक दुपार. अकरा मिनिटांच्या व्हिडिओत पेढ्याचा प्रसंग टाकवेना, कारण आजोबा तेवढ्यातच हसलेत. म्हणून तिने चित्र दोन बोटांनी मोठं करून थोरल्या काकांचा चेहरा चौकटीबाहेर ढकलला. व्हीएचएसच्या चित्रात मुळात जेमतेम २४० रेघांचा तपशील, मोठं केलं की रवाळ होतं. आजोबांचं हसू सारवल्यासारखं दिसतं, आणि डावीकडून घड्याळ घातलेला एक हात येऊन पेढा भरवून जातो. धाकट्या पोराने व्हिडिओ कॉलवर विचारलं, "हा हात कोणाचा?" आत्या म्हणाली, "तुझ्या पणजोबांच्या मोठ्या मुलाचा." पलीकडे भाऊ काही बोलला नाही.

बारा मिनिटांचा व्हिडिओ तिने थोरल्या काकांच्या सुनेला पाठवला. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर आलेलं नाही. टॅब्लेटमध्ये जागा संपत आली की तो विचारतो, यातलं काय काढू? आत्या पालखीचे जुने व्हिडिओ काढते, हे दोन्ही ठेवते. तीन तासांची अख्खी फाइल एका हार्ड डिस्कवर रोह्याला आणि एका माझ्याकडे आहे.

मूळ कॅसेट पेणला काकांकडे आहे, सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात, कारण आमच्याकडच्या पावसाळ्यात टेपला बुरशी धरते. व्हीसीआर बनवणारी शेवटची जपानी कंपनी २०१६ मध्ये थांबली. काकांच्या व्हीसीआरचं हेड आता खराब झालंय. पेणला एक जण अजून साफ करून देतो म्हणे. गणपतीला दिवा-रोहा गाडीने जाईन, तेव्हा आधी पेणला उतरून त्याच्याकडे जायचं ठरवलंय. कॅसेट पुन्हा एकदा नीट उतरवून घ्यायचीय, आजीच्या नऊ सेकंदांच्या जागी मागच्या वेळी बरोबर एक पांढरी रेघ आली होती.